व्यापारी इमारतीचं वायुवीजन: आधी हवेचा जमाखर्च मांडा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. ठाण्यात तळघर, तळमजला आणि वर दोन मजले अशी इमारत उभी राहते आहे. तळघरात ६,००० चौरस फुटांचं पार्किंग, तळमजल्यावर ७० आसनांचं रेस्टॉरंट, पहिल्या मजल्यावर कोचिंग क्लासचे प्रत्येकी ६० मुलांचे तीन वर्ग आणि दुसऱ्यावर ५० माणसांचं ऑफिस. एका ठेकेदाराने सगळीकडे स्प्लिट एसी आणि भिंतीत एक्झॉस्ट पंखे सुचवले, दुसऱ्याने सगळ्या इमारतीसाठी एकच सेंट्रल प्लँट, तिसऱ्याने ईआरव्ही, म्हणजे बाहेर जाणाऱ्या हवेचा गारवा आत येणाऱ्या हवेला देणारं यंत्र. पहिल्या मजल्याचा स्लॅब महिन्याभरात ओतला जाणार आहे. तिघांतलं कोणाचं ऐकावं?

तुम्ही पाठवलेल्या तिन्ही कोटेशनांत यंत्राचं नाव आहे, टनेज (गार करण्याची क्षमता) आहे, किंमत आहे. कोणत्या खोलीत बाहेरची हवा किती येणार, ती कुठून येणार आणि कुठून बाहेर जाणार, हे मात्र एकातही लिहिलेलं नाही. म्हणून आज तिघांपैकी कोणालाच होकार देऊ नका. यंत्राची निवड ही शेवटची पायरी आहे. आधी इमारतीच्या हवेचा जमाखर्च कागदावर मांडायचा. तो मांडला की निम्म्या प्रश्नांची उत्तरं आपोआप मिळतात, आणि तुमच्या बाबतीत तर स्लॅबमध्ये भोकं कुठे सोडायची हेही त्यातूनच ठरणार आहे.

सुरुवात वर्गखोल्यांपासून करतो, कारण माझा जीव तिथेच सर्वांत जास्त अडकतो. स्प्लिट एसी खोलीत बाहेरची हवा आणत नाही. तो खोलीतलीच हवा ओढतो, थंड करतो आणि परत खोलीत सोडतो. ६०० चौरस फुटांची, १० फूट उंचीची खोली म्हणजे साधारण १७० घनमीटर हवा. बसलेला माणूस तासाला अंदाजे १८ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. ६० मुलं म्हणजे तासाला हजार लिटरच्या वर. दारं-खिडक्या घट्ट बंद असतील तर एका तासात खोलीतलं प्रमाण ६,००० पीपीएमने (हवेच्या दहा लाख भागांत इतके भाग) चढेल. बाहेरच्या हवेत ते ४२० च्या आसपास असतं. प्रत्यक्षात दार उघडतं, फटी असतात, त्यामुळे आकडा तिथवर जात नाही. पण मी स्वतः अशाच एका क्लासमध्ये दुपारच्या तासाला पाऊण तासाने मीटर धरला तेव्हा तो ३,००० च्या पुढे होता. शिक्षक म्हणाले, जेवणानंतर मुलं पेंगतातच. मी दोन्ही बाजूंच्या खिडक्या उघडायला लावल्या. पंधरा मिनिटांनी वर्ग वेगळा दिसत होता.

या पातळीवर कार्बन डायऑक्साइड हे काही जहाल विष नव्हे. तो आपल्याला एवढंच सांगतो की खोलीतल्या हवेत दुसऱ्यांनी सोडलेल्या श्वासाचा वाटा किती आहे. जानेवारी २०२० मध्ये चीनमधल्या ग्वांगझू शहरातल्या एका वातानुकूलित रेस्टॉरंटमध्ये शेजारशेजारच्या टेबलांवर बसलेल्या तीन कुटुंबांतल्या दहा जणांना कोविडची लागण झाली. पुढे संशोधकांनी तिथली हवा मोजली तेव्हा बाहेरची हवा माणशी सेकंदाला जेमतेम एक लिटर येत असल्याचं निघालं. एसी चालू होता, गारवा होता, हवा तीच फिरत होती. तुमच्या वर्गात सर्दी-खोकल्याची साथ आली की हेच होणार आहे.

मग किती हवा द्यायची? अ‍ॅश्रेच्या ६२.१ या मानकाप्रमाणे (अ‍ॅश्रे ही वातानुकूलन अभियंत्यांची अमेरिकी संस्था) मोठ्या मुलांच्या वर्गाला माणशी १० सीएफएम (मिनिटाला इतके घनफूट हवा) आणि शिवाय प्रत्येक चौरस फुटामागे ०.१२ सीएफएम धरतात. तुमच्या एका वर्गाला हा हिशेब ६७२ सीएफएमचा होतो. तेवढ्यावर वर्ग भरलेला असताना कार्बन डायऑक्साइड १,३५० च्या जवळ स्थिरावतो. कोचिंगच्या दाटीवाटीच्या वर्गाला मी तेवढ्यावर थांबत नाही. माणशी १५ सीएफएम धरा, म्हणजे वर्गाला ९००. मग आकडा ११०० च्या आसपास राहील. तीन वर्गांचे मिळून २,७०० सीएफएम. हा आकडा बाजूला लिहून ठेवा.

आता तळमजला. तुमच्या इमारतीचं खरं दुखणं इथे आहे आणि तिन्ही कोटेशनांत त्यावर एकेक ओळ आहे: किचन एक्झॉस्ट ब्लोअर, नग एक.

काही वर्षांपूर्वी एका हायवेवरच्या रेस्टॉरंटमध्ये मला बोलावलं होतं. तक्रार धुराची. मालकाने दोन वर्षांत दोनदा ब्लोअर बदलून मोठा केला होता, तरी डोसा तव्यावर पडला की धूर हुडातून, म्हणजे चुलीवरच्या धूर ओढणाऱ्या छत्रीतून, बाहेर येऊन जेवणाऱ्यांच्या डोळ्यांत जात होता. मी आत शिरतानाच काचेचा दरवाजा ओढायला जड गेला आणि उघडताच फटीतून शीळ वाजली. जेवणाच्या हॉलमध्ये स्वच्छतागृहाचा वास येत होता. तेव्हाच लक्षात आलं. स्वयंपाकघरात गेलो, मागची खिडकी खिळे ठोकून बंद केलेली होती, उंदीर येतात म्हणून. ती वीतभर उघडायला लावली. दोन मिनिटांत हुडाने धूर ओढायला सुरुवात केली. ब्लोअर पहिल्यापासून पुरेसा होता. त्याला बाहेर टाकायला हवाच मिळत नव्हती. मिळेल तिथून तो ओढत होता: दाराच्या फटीतून, संडासाच्या नळीतून, छताच्या पोकळीतून. मालकाचे दोन ब्लोअरचे पैसे वाया गेले ते एका न मांडलेल्या हिशेबापायी.

तेव्हा जितकी हवा बाहेर, तितकी आत. ती तुम्ही ठरवलेल्या वाटेने आली नाही तर तिला हव्या त्या वाटेने येईल. तुमच्या रेस्टॉरंटसाठी हा जमाखर्च मी असा मांडतो. भट्टी, तवा आणि तळणाच्या कढया असलेली १० फुटी रांग भिंतीला लागून असेल तर जड स्वयंपाकासाठी हुडाच्या दर फुटामागे ४०० सीएफएम धरायचे. म्हणजे ४,००० सीएफएम बाहेर. कोळशाचा तंदूर असेल तर तेवढ्या भागापुरता दर फुटाला ५५० धरा आणि त्याचा हुड व डक्ट (हवा नेणारी पत्र्याची नळी) वेगळाच ठेवा, कारण कोळशाच्या ठिणग्या तुपातेलाच्या डक्टमध्ये जाता कामा नयेत. चार स्वच्छतागृहांचे प्रत्येकी ७०, म्हणजे आणखी २८०. एकूण खर्च ४,२८०.

जमेच्या बाजूला, ३,००० सीएफएम बाहेरून गाळून थेट स्वयंपाकघरात सोडायचे. उरलेले १,००० मुद्दाम जेवणाच्या हॉलमधून स्वयंपाकघरात ओढू द्यायचे, म्हणजे वास आणि धूर कधी उलट्या दिशेने येणार नाही. स्वच्छतागृहांचे २८० देखील हॉलमधूनच जाणार. म्हणून हॉलला बाहेरची हवा १,४०० सीएफएम द्या. ७० माणसं आणि १,५०० चौरस फुटांच्या हॉलला मानकाप्रमाणे ८०० च्या आत पुरतात, पण तुमच्याकडे ती पुढे स्वयंपाकघराच्याही कामी येते. आचाऱ्यांना गार हवेचा एक झोत मिळतो, हा आणखी फायदा. जमा ४,४००, खर्च ४,२८०. वरचे १२० दार उघडताना रस्त्याकडे जातील आणि रस्त्याची धूळ आत येऊ देणार नाहीत.

स्वयंपाकघरातली ३,००० सीएफएम कशी सोडायची, यावर अनेक चांगली कामं बिघडलेली पाहिली आहेत. ती हुडाच्या आत सोडू नका. काहीजण तसं करतात आणि हुड आपलीच हवा गिळत बसतो, धूर तसाच राहतो. मोठ्या जाळीतून, हुडाच्या समोरच्या बाजूने, इतकी हळू सोडा की हुडाच्या कडेपाशी वेग मिनिटाला ७५ फुटांच्या आत राहील. जोराचा झोत हुडाखालचा धूर विस्कटतो. छताचा पंखा आणि हुड एकत्र नांदत नाहीत, हेही त्याच कारणाने.

डक्टचा आकार बघा. ४,००० सीएफएम मिनिटाला १,८०० फूट वेगाने न्यायचे तर १८ इंच बाय १८ इंच आतला मार्ग लागतो. पत्रा काळा, जाड, सांधे वेल्डिंगचे. जीआयच्या, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या, पातळ पत्र्याचे रिव्हेट मारलेले सांधे तेल गळतात, आणि डक्टमध्ये आग लागली तर तेच सांधे आधी उघडतात. दर वळणाला साफ करण्याचं झाकण हवं. स्लॅब ओलांडताना इतर डक्टमध्ये फायर डॅम्पर (आगीत आपोआप बंद होणारी झडप) घालतात, पण स्वयंपाकघराच्या डक्टमध्ये घालायचा नसतो. त्याच्यावर चरबी साचते, ऐन वेळी तो अडकतो. त्याऐवजी संपूर्ण डक्ट आगरोधक भिंतींच्या स्वतंत्र शाफ्टमधून (उभ्या बंदिस्त वाटेतून) थेट गच्चीवर न्यायचा. वर वर्गात १८० मुलं बसणार आहेत, ही गोष्ट मनात ठेवूनच हा शाफ्ट बांधा. गच्चीवर ब्लोअरच्या आधी इलेक्ट्रोस्टॅटिक फिल्टर (विजेच्या भाराने तेलकट धुराचे कण पकडणारा) ठेवा, नाहीतर शेजारच्या सोसायटीच्या तक्रारी सुरू होतील आणि त्या रास्त असतील.

गॅसबद्दल एकच सांगतो. ब्लोअर बंद पडला तर गॅसचा व्हॉल्व्ह आपोआप बंद व्हायला हवा, अशी जोडणी करून घ्या. ठाण्यात पाइपचा नैसर्गिक वायू मिळतो, तो हवेपेक्षा हलका असतो, त्याचा सेन्सर छताजवळ लावतात. सिलिंडर वापरणार असाल तर एलपीजी हवेपेक्षा जड असतो, सेन्सर जमिनीलगत हवा. सिलिंडर तळघरात किंवा तळघराच्या उतारापाशी कधीही ठेवू नका. गळलेला गॅस पाण्यासारखा खाली उतरतो.

तळघराचा हिशेब सोपा आहे. ६,००० चौरस फूट, १० फूट उंची, म्हणजे ६०,००० घनफूट. रोजच्या वापराला तासाला सहा वेळा हवा बदलायची, म्हणजे ६,००० सीएफएम. आग लागली तर राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ प्रमाणे तासाला बारा वेळा, म्हणजे १२,०००. एकच पंखा दोन वेगांचा किंवा दोन पंखे, काहीही चालेल. पण पंखा आणि त्याची केबल २५० अंश सेल्सियसला दोन तास टिकणारी असायला हवी. इथे पैसे वाचवायला जाऊ नका. साधी केबल वितळली की धूर काढणारा पंखा नेमक्या त्या रात्री फिरणार नाही. पंख्याचा वेग निम्मा केला की त्याला लागणारी शक्ती हिशेबाने आठव्या हिश्श्यावर येते, म्हणून रोज कमी वेगाने आणि कार्बन मोनॉक्साइडच्या सेन्सरवर चालवा. हा वायू तळाशी साचतो असं बऱ्याच जणांना वाटतं. तो हवेइतकाच, किंचित हलका असतो आणि सगळीकडे मिसळतो. सेन्सर जमिनीपासून पाच फुटांवर, माणसाच्या नाकाच्या उंचीला लावा.

आत येणारी हवा रॅम्पवरून येईल, ती वाट पुरेशी रुंद आहे. फक्त रात्री रॅम्पला पत्र्याचं शटर लावू नका, जाळीचं लावा. शटर बंद असताना पंखा सुरू झाला तर हायवेच्या रेस्टॉरंटसारखीच गत होईल. एक्झॉस्टची तोंडं रॅम्पपासून दूरच्या टोकाला हवीत, नाहीतर हवा रॅम्पवरून आत येऊन लगेच बाहेर जाते आणि मागच्या कोपऱ्यातल्या गाड्यांचा धूर तिथेच राहतो. जिना आणि लिफ्टच्या लॉबीला तळघराच्या बाजूने दार किंवा दाबाची हवा किती लागते, हे तुमचा फायर कन्सल्टंट अग्निशमन विभागाशी बोलून ठरवेल. त्यांचा शब्द अंतिम.

आता पुन्हा वर, त्या २,७०० सीएफएमकडे. ठाण्याचा जुलै डोळ्यांसमोर आणा. बाहेर ३० अंश, हवा ओली. खोलीत तुम्हाला २४ अंश आणि ५५ टक्के आर्द्रता हवी. अशा दिवशी १,००० सीएफएम बाहेरची हवा आत घेतली तर तिच्याबरोबर तासाला २० लिटरच्या वर जादा पाणी वाफेच्या रूपात आत येतं. तासाला एक मोठी बादली. ते काढायला आणि हवा गार करायला सुमारे पाच टनांची क्षमता लागते. भिंतीतला पंखा उलटा लावून ताजी हवा आत घेण्याचा सल्ला कोकणपट्टीत म्हणूनच फसतो. समुद्रालगतच्या एका गावातल्या प्रशिक्षण केंद्रात मी पाहिलं होतं. चांगल्या हेतूने कोणीतरी ताज्या हवेचा पंखा थेट फॉल्स सीलिंगच्या पोकळीत सोडला होता. ऑगस्टपर्यंत प्रत्येक टाइलवर काळी बुरशी धरली होती आणि स्प्लिट एसीच्या तोंडाखाली बाकांवर पाणी टपकत होतं. लोकांनी मग पंखा बंद करून टाकला, आणि हवा पुन्हा तीच फिरू लागली. ताज्या हवेचं यंत्र त्रास द्यायला लागलं की माणूस ते बंद करतो. म्हणून ते त्रास देणार नाही असंच निवडावं लागतं.

ईआरव्ही सुचवणारा ठेकेदार या बाबतीत अर्धा बरोबर आहे. हे यंत्र बाहेर जाणाऱ्या गार, कोरड्या हवेकडून आत येणाऱ्या उष्ण, दमट हवेला गारवा आणि कोरडेपणा देतं. ६० टक्के परतावा धरला तर एका वर्गाच्या ९०० सीएफएमचा पावणेपाच टनांचा भार दोन टनांच्या आत येतो. वर्ग भरलेला असताना, यंत्राच्या पंख्यांचं खाणं वजा जाताही, तासाला दोनेक युनिटं वाचतात. पण बाहेर जाणारी हवा त्याच यंत्रातून गेली तरच. कोटेशनात ईआरव्ही आहे आणि शिवाय प्रत्येक वर्गात वेगळा एक्झॉस्ट पंखाही आहे. तो पंखा चालला की परताव्याची हवा निसटून जाईल. तो काढून टाका. स्वच्छतागृहाची हवा ईआरव्हीमध्ये कधी घालू नका, रेस्टॉरंटची तर नाहीच. आणि नुसत्या ईआरव्हीने जुलैचा ओलावा पूर्ण निघत नाही, म्हणून यंत्राच्या पुढे एक छोटी कूलिंग कॉइल घ्या, जी हवा पुरती कोरडी करून वर्गात सोडेल. मग वर्गातल्या स्प्लिटला फक्त गारवा सांभाळायचा राहतो आणि त्यांचं टनेज आधीच्या हिशेबापेक्षा कमी लागतं. मोठा स्प्लिट घेतला की चांगलं, ही समजूत इथे उलटते. तो पटकन गार करून थांबतो, पाणी काढायला वेळच घेत नाही, आणि खोली गार पण चिकट राहते.

सेंट्रल प्लँटवाल्याला मी नाही म्हणेन. प्लँट वाईट म्हणून नव्हे. तुमच्या तिन्ही भाडेकरूंच्या वेळा जुळत नाहीत. क्लास सकाळी सातला उघडणार, ऑफिस दहाला, आणि रेस्टॉरंट मध्यरात्रीपर्यंत चालणार. एका छोट्या इमारतीत एकच मोठं यंत्र अशा वेळा सांभाळताना बहुतेक वेळ अर्धपोटी चालतं, आणि दर महिन्याला बिलाच्या वाटणीवरून भांडणं होतात. मजल्यागणिक वेगळी यंत्रणा ठेवा. सामाईक फक्त तळघर आणि शाफ्ट.

हे सगळं ठाण्याचं. तुमची हीच इमारत नागपूरला असती तर उत्तर बरंच बदललं असतं. तिथे मे महिन्यात पारा ४४ वर असतो, पण हवा कोरडी. ओल्या कापडाचा थर्मामीटर, म्हणजे पाण्याने हवा जिथवर गार होऊ शकते तो आकडा, २३ च्या आसपास दाखवतो. चांगल्या जाड पॅडचा कूलर तिथे बाहेरची शंभर टक्के ताजी हवा २७-२८ अंशांवर आणून देतो, तेही थोड्या विजेत. वऱ्हाडातल्या घरोघरी वाळ्याच्या ताट्या आणि कूलर टिकले ते उगाच नाही. तिथल्या स्वयंपाकघराला ३,००० सीएफएम एअर वॉशरमधून (पाण्याच्या फवाऱ्याने हवा धुऊन गार करणाऱ्या यंत्रातून) देणं हा सर्वांत शहाणा मार्ग असतो. ठाण्याला तोच एअर वॉशर पावसाळ्यात नुसता दमटपणा वाढवतो. तुमच्याकडे दुसऱ्या ठेकेदाराने तो लिहिला आहे. बहुधा विदर्भातल्या एखाद्या कामाचा कागद समोर ठेवून लिहिला असावा.

ऑफिसबद्दल फार लिहीत नाही. ५० माणसं, ४,००० चौरस फूट, मानकाप्रमाणे ४९० सीएफएम, मी ६५० देईन. त्याला तसंच एक छोटं ईआरव्ही पुरेल. मात्र तुमच्या आर्किटेक्टने दर्शनी बाजूला सबंध काच घेतली आहे आणि एकही पान उघडणारं नाही, ते बदलून घ्या. डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी ठाण्यातही समोरासमोरच्या खिडक्या उघडल्या की यंत्राची गरज राहत नाही. वीज गेली, यंत्र बिघडलं, आग लागली, तर उघडणारी खिडकी हाच आधार असतो. वर्गांना तर ती हवीच.

बाहेरची हवा कुठून घ्यायची हे पुष्कळ ठिकाणी शेवटच्या दिवशी ठरतं. नकाशात मोकळी जागा दिसली तिथे लुव्हर, म्हणजे हवा घेण्याची तिरप्या पट्ट्यांची खिडकी. तुमच्या मागच्या भिंतीवर जनरेटरचं धुराडं आहे आणि तिथेच वर्गांचा लुव्हर दाखवला आहे. तो हलवा. स्वयंपाकघराच्या एक्झॉस्टपासून ताजी हवा घेण्याचं तोंड किमान ३० फूट दूर हवं. पावसाळ्याचे वारे नैर्ऋत्येकडून येतात, म्हणून एक्झॉस्ट ईशान्येच्या कोपऱ्यात आणि ताजी हवा शक्यतो दुसऱ्या बाजूला. रस्त्यालगतच्या भिंतीवर घेणार असाल तर पहिल्या मजल्याच्या वर घ्या. आणि कबुतरं. लुव्हरच्या आत जाळी नसेल तर वर्षभरात तिथे घरटं होतं, विष्ठा साचते आणि तीच हवा फिल्टरवर येते. कबुतरांच्या विष्ठेच्या धुळीने फुप्फुसांचा गंभीर आजार होऊ शकतो. हवा घेण्याच्या तोंडापाशी ती धूळ असणं मी कुठल्याही परिस्थितीत मान्य करत नाही. अर्धा इंची जाळी, आणि हात घालून साफ करता येईल असं झाकण.

फिल्टर दोन टप्प्यांचा घ्या, आधी धुता येणारा जाड, मग मर्व्ह १३ (बारीक धूळ पकडणाऱ्या फिल्टरची प्रत). आपल्याकडे २.५ मायक्रॉनपर्यंतच्या कणांची राष्ट्रीय मर्यादा २४ तासांसाठी घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे आणि हिवाळ्यात हवा त्यापुढे जाते. बाहेरची हवा भरपूर आणायची आणि ती न गाळता मुलांना द्यायची, याला अर्थ नाही. फिल्टरच्या दोन्ही बाजूंच्या दाबातला फरक दाखवणारा छोटा गेज बसवून घ्या, म्हणजे फिल्टर बदलायची वेळ कॅलेंडरवर नाही तर काट्यावर कळेल. पंखा निवडताना मळलेल्या फिल्टरचा दाब धरायचा, नव्याचा नव्हे. भिंतीतल्या साध्या पंख्यावर लिहिलेला सीएफएम हा मोकळ्या हवेतला आकडा असतो. त्याच्यापुढे फिल्टर आणि डक्ट लावला की तो निम्मीही हवा देत नाही. पहिल्या कोटेशनातले सगळे पंखे या जातीचे आहेत, म्हणून ते बाद. फ्लेक्झिबल डक्ट लागेल तिथे चार-पाच फुटांपुरताच, ताणून लावलेला असावा. फॉल्स सीलिंगवर गुंडाळी करून टाकलेला वीस फूट फ्लेक्झिबल मी कित्येकदा काढून फेकला आहे.

करारात एक अट घाला: शेवटचा हप्ता हवा मोजून दाखवल्यावर. प्रत्येक जाळीपाशी यंत्राने मोजलेले सीएफएम कागदावर, तुमच्या समोर. वर्ग भरलेला असताना कार्बन डायऑक्साइडचं वाचन. आणि एक चाचणी तुम्ही स्वतः करा. उदबत्ती लावा आणि स्वयंपाकघराच्या दाराच्या फटीपाशी धरा. धूर आत ओढला गेला पाहिजे. स्वच्छतागृहाच्या दाराशीही तसंच. रस्त्याकडच्या दाराशी धूर बाहेर जायला हवा. कोणाही इंजिनिअरच्या अहवालाइतकी ही उदबत्ती खरी बोलते. अग्निसुरक्षेच्या यंत्रणेचं प्रमाणपत्र महाराष्ट्राच्या २००६ च्या कायद्याप्रमाणे दर जानेवारीत आणि जुलैत परवानाधारक संस्थेकडून द्यावं लागतं. त्या दोन दिवशी तळघराचा पंखा पूर्ण वेगाने चालवून बघायची सवय लावा.

आता स्लॅबकडे, कारण ते काम थांबणार नाही. स्ट्रक्चरल इंजिनिअरला आजच कळवा: ईशान्य कोपऱ्यात पहिल्या, दुसऱ्या आणि गच्चीच्या स्लॅबमध्ये आतून स्वच्छ ३ फूट बाय ३ फुटांचं भोक, किचन डक्टसाठी. डक्ट १८ इंचीच आहे, पण त्याच्याभोवती इन्सुलेशन आणि वेल्डरचा हात फिरायला जागा लागते. त्याच्या शेजारी वेगळी, मध्ये भिंत असलेली तळघराच्या एक्झॉस्टची वाट, निव्वळ ८ चौरस फुटांची. १२,००० सीएफएम तेवढ्यातून मिनिटाला १,५०० फूट वेगाने जातात. ही वाट तळमजल्याच्या स्लॅबमधूनच सुरू होते. तो स्लॅब ओतून झालेला असेल तर आधी तिथे काय सोडलं आहे ते पाहा आणि मला कळवा. स्वच्छतागृहांच्या रांगेवर दीड फूट बाय दीड फूट. तळमजल्याच्या मागच्या भिंतीत स्वयंपाकघराच्या ३,००० सीएफएमसाठी १२ चौरस फुटांचा लुव्हर, कारण लुव्हरची निम्मी जागा पट्ट्याच खातात. भोकं ठरली की बीम त्यांच्या आड येतात का, ते नकाशावर तपासून घ्या. स्लॅब ओतून झाल्यावर कोअर कटिंगने (यंत्राने काँक्रीट कापून) ३ फुटी भोक पाडायला निघालात तर सळ्या तुटतील, आणि ते तुमचा इंजिनिअर करू देणार नाही, देऊही नये.